डोक्यात जाणारा सहकारी: सुरुवातीला एवढंच कर

अरे, नवीन नोकरीत एखाद्याचं तोंड बघितलं तरी डोकं फिरतं हे अगदी कॉमन आहे, टेन्शन घेऊ नकोस. आधी एवढं बघ, तो नुसता आवडत नाही की कामात खोडा घालतो? मोठ्याने बोलणं, सारखं स्वतःचं कौतुक, असलं असेल तर सोडून दे, त्याच्याशी लग्न थोडंच करायचंय.

कामात अडत असेल तर मात्र लेखी ठेव. तोंडी काही ठरलं की लगेच दोन ओळींचा मेल, "आत्ता बोललो त्याप्रमाणे रिपोर्ट तू गुरुवारी देणार, मी शुक्रवारी पुढे पाठवतो", बास. टोमणा नको आणि पहिल्याच मेलला बॉसला सीसीत तर अजिबात टाकू नकोस, समोरचा खवळतो आणि साधी गोष्ट भांडणावर जाते.

नवीन लोक हमखास काय चुकतात:

- ब्रेकमध्ये दुसऱ्यांजवळ त्याच्याबद्दल बडबड. संध्याकाळपर्यंत त्याच्या कानावर जातेच, तीही तिखटमीठ लावून.
- रागात रिप्लाय. लिही हवं तर, पण ड्राफ्टमध्ये ठेव, जेवून आल्यावर वाच, अर्धा तूच खोडशील.
- अबोला. कामापुरतं बोलत राहा, नाहीतर सगळ्यांना आडमुठा तूच वाटतोस.

बोलायचंच झालं तर एकट्यात गाठ, आणि "तू नेहमी असंच करतोस" नको, "काल मीटिंगमध्ये मला मध्येच तोडलंस, पुढच्या वेळी पूर्ण बोलू दे" असं एकाच प्रसंगाचं बोल. एचआर, तक्रार वगैरे आत्ताच डोक्यात घेऊ नकोस. फक्त शिवीगाळ, धमकी किंवा अंगचटीला येणं असेल तर यातलं काहीच करत बसू नकोस, सरळ वर सांग.