स्वस्त वस्तरा आला? आधी काचेवर ठेव

भाऊ, चारशेचा वस्तरा आला म्हणून लगेच गालावर नको चालवू. उघडून आरशाच्या काचेवर आडवा ठेव. पाठ आणि धार दोन्ही टोकापासून टोकापर्यंत टेकल्या पाहिजेत. डुगडुगला तर पातं वाकडं. मग दगडावर कितीही घास, धार सारखी बसत नाही. माझा पहिला असाच निघाला, आता त्यानं पार्सलं फोडतो. मिटताना धार मुठीच्या मधोमध उतरते का, तेही बघ. पातं आणि मूठ जोडणारी पिन ढिली असेल तर नागपूरच्या इतवारी बाजारात कोणीही ठोकून देईल. पात्यावरच्या 'दमास्कस' म्हणजे लहरी-लहरींच्या नक्षीला भुलू नको, या भावात ती नुसती वरवरची असते. बाकी चांगला निघाला तरी 1000 ग्रिटच्या जाड दगडापासून 8000 च्या बारीक दगडापर्यंत, नंतर चामड्याच्या पट्ट्यावर लावूनच दाढीला घे. तोवर सीताबर्डी बाजारातून अर्ध्या ब्लेडचा, म्हणजे ब्लेड अर्धं मोडून बसवायचा, वस्तरा आण, त्यावर हात बसव.