नदी चित्रातून शिकवता येते, पण ठिपके नकोत

तुम्ही विचारलंय की ऑस्ट्रेलियातल्या शाळेत मुलांना नदी आणि अ‍ॅबोरिजिनल (तिथल्या मूळनिवासी) लोकांचं भूमीशी असलेलं नातं कलेतून कसं शिकवायचं. हात जोडून सांगते, मुलांना ठिपक्यांची चित्रं काढायला लावू नका. ती ठिपक्यांची पेंटिंग्ज वाळवंटातली, 1971 ला पापुन्या नावाच्या वस्तीत सुरू झालेली, मरे नदीकाठच्या लोकांची नाहीत. माझ्या मुलीच्या वर्गाने ठिपक्यांची नदी केली, भिंतीवर लागली, आणि ही कुठली नदी ते एकाही पोराला सांगता येईना.

मी अ‍ॅडलेडला राहते. मरे समुद्राला मिळते तिथे कूराँगजवळ एका नारिंजेरी आंटींकडे (नारिंजेरी म्हणजे तिथले मूळचे लोक, वडीलधाऱ्या बाईला तिथे आंटीच म्हणतात) टोपली विणायला गेले होते. अर्धा दिवस विणणं नाहीच, लव्हाळी शोधत फिरलो. आंटी म्हणाल्या पूर्वी या वळणावरच मिळायची, आता लांब जावं लागतं, नदीला पाणी कुठाय. आपण लहानपणापासून ऐकतो महापुरात झाडं जातात, लव्हाळी वाचतात, पण पाणीच आलं नाही तर लव्हाळीपण जातात हे मला तिथे कळलं. मग काड्यांची जुडी गोल वळवत टाके घालता घालता त्यांनी पोंडीची गोष्ट सांगितली, त्यांचा पूर्वज न्गुरुंडेरी होडीतून पोंडी या अजस्र माशाच्या मागे लागला आणि माशाच्या शेपटीच्या फटकाऱ्यांनी नदीला वळणं पडली. नारिंजेरी कलाकार इव्हॉन कूलमाट्री याच विणकामातून ईल मासे पकडायचे सापळे करतात, 1997 ला व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनाला ऑस्ट्रेलियाकडून गेलेल्या तीन कलाकारांत त्या होत्या.

माझा दादा पाण्यावरच काम करणारा इंजिनिअर, तो म्हणाला टोपली विणून नदी कळते होय, आकडे लागतात. अरे आकडे होतेच की! 2002 पासून मरेचं मुख उघडं ठेवायला वाळू उपसत होते, आकडे होते. 2018-19 च्या उन्हाळ्यात मेनिंडी गावाजवळ, मरेला मिळणाऱ्या डार्लिंग नदीत लाखो मासे मेले, तेव्हाही आकडे होते. तिच्या काठचे मूळचे बार्किंजी लोक तिला बार्का म्हणतात, त्यांचे कलाकार बॅजर बेट्स कित्येक वर्षं तीच नदी, तेच मासे लिनोवर (छाप्याची चित्रं काढायच्या मऊ पत्र्यावर) कोरत आलेत. नदीची काळजी कोणाला होती ते बघ ना मग.

तर मुलांना जवळच्या ओढ्यावर न्या, दर टर्मला तेच वळण कोळशाने काढायला लावा, काय गेलं काय आलं ते चित्रातच दिसेल. ओढ्याचं नाव मात्र तिथल्या मूळच्या लोकांच्या भाषेतलं लिहायचं.

हां, एक राहिलं, त्यांच्या खुणा, नक्षी, गोष्टी मुलांनी उचलून आपल्या म्हणून काढायच्या नाहीत, आधी विचारायचं, आणि प्रत्येक भागाचे लोक वेगळे असतात. तिथल्याच आंटींना किंवा अंकलना बोलवा, आणि मानधन द्या, पेट्रोलचे वेगळे.