सरकारी वकील पुराव्याबाहेरचं बोलले, आता काय करायचं?

प्रश्न : माझ्या धाकट्या भावावर सत्र न्यायालयात खुनाच्या प्रयत्नाचा खटला चालू आहे. अंतिम युक्तिवादात सरकारी वकील म्हणाले, की शेजारच्या दुकानदाराने पोलिसांना सगळं सांगितलंय. त्या दुकानदाराची कोर्टात साक्षच झालेली नाही. ‘निर्दोष असता तर आरोपी स्वतः साक्षीला उभा राहिला असता’, ‘याच्यावर आधीही केस होती’ असंही ते म्हणाले. पुढच्या तारखेला आमचा युक्तिवाद आहे. यावरून खटला रद्द होईल का?

उत्तर : नाही, एवढ्यावरून रद्द होणार नाही. आपल्याकडे ज्यूरी (निकाल ठरवणारा सामान्य नागरिकांचा गट) नाही. निकाल न्यायाधीश लिहितात आणि वकिलाचं बोलणं हा पुरावा नसतो. पण म्हणून गप्प बसू नका. उद्या अपिलात हा मुद्दा घेतला, तर ‘हरकत त्याच वेळी का घेतली नाही’ हे हायकोर्ट पाहतं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६५ मध्ये (तिच्या जागी आलेल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ५११) तसं स्पष्ट लिहिलंय. त्यामुळे पुढच्याच तारखेला तिन्ही वाक्यांवर लेखी हरकत द्या आणि तिची नोंद रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) झाली का, ते तपासा.

दुकानदाराचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. पोलिसांपुढचा जबाब सरकार पक्षाला पुरावा म्हणून वापरता येत नाही. साक्षीदार कोर्टात आला, तरच त्याची विसंगती दाखवायला तो उपयोगी पडतो (कलम १६२, नवं १८१). इथे तर साक्षीदार आलाच नाही. उलट तुमच्या वकिलांनी विचारावं : त्याने सगळं पाहिलं होतं, तर त्याला तपासलं का नाही? महत्त्वाचा साक्षीदार मुद्दाम वगळला असेल, तर कोर्ट सरकार पक्षाविरुद्ध अनुमान काढू शकतं. मात्र तीच घटना इतर साक्षीदारांनी नीट सांगितली असेल, तर या मुद्द्याला फार वजन राहत नाही.

आरोपीने साक्ष दिली नाही यावर कोणत्याही पक्षाने किंवा कोर्टाने टिप्पणी करायचीच नाही, असं कलम ३१५ (नवं ३५३) सांगतं. पण कलम ३१३ खालच्या जबाबात (पुराव्याबद्दल न्यायाधीश आरोपीला प्रश्न विचारतात, त्यात) भावाने दिलेल्या उत्तरांवर सरकारी वकील बोलू शकतात. त्या जबाबाची नक्कल आजच मागवून वाचा.

जुनी केसही गैरलागू. मुख्य अपवाद : बचाव पक्षाने भावाच्या चांगल्या चारित्र्याचा पुरावा दिला असेल, तर सरकार पक्षाला उत्तरादाखल वाईट चारित्र्य पुढे आणता येतं. उलटतपासात तसे प्रश्न गेलेत का, हे वकिलांना विचारा.

लेखी युक्तिवाद तोंडी युक्तिवाद संपण्याआधीच दाखल करायचा असतो. त्याची प्रत सरकारी वकिलांनाही द्यावी लागते, आणि तो रेकॉर्डचा भाग होतो. त्यात ‘सरकारी वकील असं म्हणाले’ आणि त्यासमोर ‘साक्षीदार क्रमांक, निशाणी (कोर्टाने कागदाला दिलेला क्रमांक), परिच्छेद : असा पुरावा नाही’ अशी मांडणी करा. नुसतं ‘दिशाभूल केली’ लिहून काही साधत नाही. तुमच्या युक्तिवादानंतर सरकारी वकिलांना परत बोलायचं असेल, तर कोर्टाची परवानगी लागते आणि तेही तुम्ही काढलेल्या कायद्याच्या मुद्द्यापुरतंच. ते वस्तुस्थितीवर घसरले, तर तिथल्या तिथे हरकत घ्या.

१९९९ मध्ये शिवकुमार विरुद्ध हुकमचंद या निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय, की काहीही करून शिक्षा मिळवणं हे सरकारी वकिलाचं काम नाही. त्याने न्याय्य वागलं पाहिजे. हा निकाल जोडा.

सरकारी वकिलांविरुद्ध वरिष्ठांकडे तक्रार करायची असेल, तर ती निकालानंतर करा. आत्ता त्याने खटल्यात काही बदलणार नाही. शिक्षा झालीच, तर निकालाच्या प्रमाणित प्रतीसाठी लगेच अर्ज करा. हायकोर्टात अपिलाला ६० दिवस असतात, आणि शिक्षा स्थगितीचा अर्ज अपिलासोबतच द्या.