गाडीसाठी इथेनॉल आणि जैवइंधने कितपत हितकारक आहेत?

पेट्रोलमध्ये इथेनॉल (ऊस, मका अशा पिकांपासून बनणारे अल्कोहोल) मिसळल्याने गाडीचे नुकसान होते का, आणि पर्यावरणाला त्याचा खरोखर लाभ होतो का, असे दोन प्रश्न आपण एकत्र विचारले आहेत. ते वेगळे ठेवलेले बरे, कारण पहिल्याचे उत्तर इंजिनात मिळते आणि दुसऱ्याचे शेतात. मी बरीच वर्षे वाहनदुरुस्ती करत आलो आहे, म्हणून इंजिनापासून सुरुवात करतो.

एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, तर एक लिटर इथेनॉलमध्ये सुमारे २१. त्यामुळे १० टक्के मिश्रणावर मायलेज साधारण ३ टक्क्यांनी आणि २० टक्के मिश्रणावर ६ ते ७ टक्क्यांनी घटणे स्वाभाविक आहे. दुसरीकडे इथेनॉलचा ऑक्टेन अंक, म्हणजे दाबाखाली आपोआप अवेळी न पेटण्याच्या क्षमतेचे माप, १०८ च्या आसपास आहे, शिवाय वाफ होताना ते बरीच उष्णता शोषून घेते. परिणामी इंधन अवेळी पेटून इंजिन सहजी ठोकत नाही, आणि अधिक दाबावर चालणारे इंजिन मुद्दाम त्यासाठी घडवले असेल तर गेलेल्या मायलेजचा काही भाग भरून निघतो. साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या जुन्या इंजिनाला मात्र या गुणाचा फारसा उपयोग होत नाही. त्याच्या वाट्याला घटच अधिक येते.

माझ्या मते मायलेजपेक्षा पाण्याचा प्रश्न अधिक गंभीर आहे. एका अरुंद मापन-नळीत १० मिलिलिटर पाणी घेऊन त्यावर १०० मिलिलिटर मिश्रित पेट्रोल ओतावे, नळी हलवून स्थिर ठेवावी, आणि थोड्या वेळाने पाहावे: १० टक्के मिश्रण असेल तर खालचा थर १० वरून २० च्या जवळपास गेलेला दिसतो, कारण इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्याकडे जाते. (हा प्रयोग मोकळ्या हवेत, ज्योतीपासून दूरच करावा.) बराच काळ उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीतही, पुरेसे पाणी शिरल्यास, हेच घडते, आणि इंधनपंप तळातूनच ओढत असल्याने ते आंबट पाणीदार मिश्रण आधी इंजिनात जाते. सहा महिने बंद असलेल्या एका जुन्या मोटारीचा कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) मी उघडला, तेव्हा त्यातील इंधन साठवणाऱ्या फ्लोटच्या वाटीत पांढरट भुकटी साचलेली होती आणि रबरी नळी फुगून बोटाला चिकटत होती. अशा गाडीत इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या व सील बसवले, तर ही तक्रार बऱ्याच अंशी मिटते.

हे सर्व सुटण्याजोगे आहे, याचा पुरावा ब्राझीलने दिलेला आहे. तेथे १९७५ साली इथेनॉलचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि २००३ पासून पेट्रोल व इथेनॉल कोणत्याही प्रमाणात चालवणाऱ्या गाड्या विकल्या जाऊ लागल्या. थंडीत इथेनॉलची वाफ पुरेशी होत नाही, म्हणून सुरुवातीच्या अशा गाड्यांत इंजिन सुरू करण्यापुरते पेट्रोल ठेवणारी एक छोटी वेगळी टाकी असे. वनस्पती तेलांपासून बनणाऱ्या बायोडिझेललाही थंडीत गोठून फिल्टर तुंबवण्याची खोड आहे, पण त्याचे वंगण साध्या डिझेलपेक्षा चांगले असते.

आता शेताकडे वळतो, कारण खरा वाद तेथेच आहे. वनस्पतीने हवेतून घेतलेला कार्बन जळताना परत हवेत जातो, हा युक्तिवाद बरोबर आहे, परंतु खत, पाणी, ट्रॅक्टरचे डिझेल आणि ऊर्ध्वपातनाची (आंबवलेला रस उकळून इथेनॉल वेगळे करण्याची) उष्णता त्यात धरलेली नसते. उसाच्या बाबतीत ही उष्णता चिपाडे जाळून मिळते, त्यामुळे हिशेब बराच अनुकूल राहतो. मक्याला ती बहुधा नैसर्गिक वायूपासून घ्यावी लागते. ५० लिटरची टाकी निव्वळ इथेनॉलने एकदा भरायला सुमारे १२५ किलो मका लागतो. त्यातील जवळजवळ एक तृतीयांश भाग पशुखाद्य म्हणून परत मिळतो हे मान्य केले, तरी उरलेले धान्य एका टाकीत संपते, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. पाम तेलासाठी दलदलीची जंगले तोडून ती जमीन कोरडी केली, तर मातीतून सुटणारा कार्बन भरून काढायला त्या बायोडिझेलला कित्येक दशके पुरत नाहीत. म्हणूनच मी मळी, वापरलेले खाद्यतेल आणि पिकांचे अवशेष यांपासून बनलेल्या इंधनाच्या ठामपणे बाजूने आहे, आणि धान्यापासून बनलेल्या इंधनाबाबत साशंक आहे. अवशेषांतील सेल्युलोज, म्हणजे वनस्पतीचा चिवट तंतुमय भाग, फोडणे अजून महाग पडते, हे त्यातील मोठे अडसर आहे.

आपल्या गाडीपुरते सांगायचे तर इंधनाच्या झाकणाच्या आतील बाजूस किंवा माहितीपुस्तिकेत किती टक्के मिश्रण चालते ते पाहावे आणि त्यापलीकडे जाऊ नये. गाडी दोन-तीन महिने उभी ठेवायची असेल तर टाकी काठोकाठ भरावी, म्हणजे आत दमट हवेला जागा उरत नाही. कार्ब्युरेटरची गाडी असल्यास वाटीतील इंधन काढून टाकावे.