पुरिमच्या डब्यात पुरणपोळी ठेवू की नको?

पत्र: ताई, मी मूळची ठाण्याची, आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, लग्नानंतर इस्राएलमध्ये अश्दोदला आले. पुरिम या आमच्या सणाला सासूबाई दरवर्षी पुरणपोळ्या करतात. मागच्या वर्षी माझी लेक (वय ८) वर्गात मैत्रिणीला द्यायच्या डब्यात पोळी घेऊन गेली, तर पोरं म्हणाली हे काय पिवळं, ओझने हामान ('हामानचे कान', पुरिमची तिकोनी भरलेली बिस्किटं) कुठेत? आता ती म्हणते दुकानातलं पॅकेटच द्यायचं. हे सासूबाईंना सांगितलं तर दोन दिवस अबोला. मुलीला आवडेल आणि आईंनाही वाईट वाटणार नाही असं काय करू?

उत्तर: अगं, पत्र वाचलं आणि पहिल्यांदा ठाण्यातल्या आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू आठवल्या, त्यांच्याकडून पुरिमला पुरणपोळीचं ताट यायचं आणि आमच्याकडून होळीचं जायचं, दोन्ही सण इतके जवळजवळ की कधीकधी ताट रिकामं परत करायची वेळच यायची नाही. तुमच्यातली जुनी माणसं पुरिमला 'होळीचा सण'च म्हणायची, हे लेकीला माहितीये का? नसेल तर सांग, पण लेक्चर देत बसू नको, पीठ मळता मळता.

आता पोरगी चुकलीये असं मला काही वाटत नाही. आठव्या वर्षी वर्गात वेगळं दिसणं म्हणजे काय असतं ते आपण विसरतो. पण तू सासूबाईंना जाऊन सांगितलंस ते मात्र जरा घाईचं झालं, त्यांना वाटलं नातीने पोळी नाकारली, खरं तर तिने हसणं नाकारलं.

माझं ऐकशील तर दोन्ही करा. मिश्लोआख मानोतमध्ये, म्हणजे पुरिमला एकमेकांना खाऊ द्यायच्या रिवाजात, नाहीतरी एकाच माणसाला किमान दोन वेगवेगळे तयार खाण्याचे पदार्थ द्यायचे असतात ना? मग एक पोळी आणि एक कान, हिशोब जमला. पोळी अख्खी नको ठेवूस, लहान वाटीने कापून तळहाताएवढ्या पोळ्या कर, अख्खी पोळी डब्यात घडी घालून ठेवली की तिची चादर होते आणि पोरं चादरीलाच हसतात.

आणि कान आजीच्या हाताखालीच होऊ देत. साधं बिस्किटाचं पीठ लाटायचं, ग्लासने ७-८ सेंटीमीटरच्या चकत्या पाडायच्या, मधे एक छोटा चमचा सारण, मग तीन बाजू उचलून तिन्ही कोपरे चिमटायचे, करंजीची कडा आपण कशी दाबून बंद करतो तसे, नाहीतर ओव्हनमध्ये फुलासारखे उघडतात (माझे पहिल्यांदा सगळेच उघडले होते, चांदण्याच झाल्या). भाजायच्या आधी १५ मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवायचे, मग १८० डिग्रीला साधारण १५ मिनिटं. सारणात निम्म्यात खसखस किंवा चॉकलेट, निम्म्यात पुरण. हो, पुरण! पण एकदम कोरडं हवं, चमचा उभा राहीपर्यंत आटवलेलं, थोडंही सैल राहिलं तर गुळाचं पाणी सुटून तळ चिकटतो. हे आटवणं सासूबाईंकडूनच होणार, तुझ्या-माझ्याकडून नाही. जेवणात मटण असेल तर, तुमच्यात मांसाबरोबर दूध-लोणी चालत नाही म्हणून, पिठात लोणी नको, तेलच घाल, पोळ्याही तेलावरच भाजा आणि दुधाऐवजी नारळाचं दूध, हे त्यांना सांगायची गरज नाही, तुलाच सांगतेय.

चिमटायचं काम पोरीचं. कुठल्या कानात पुरण आणि कुठल्यात चॉकलेट ते बाहेरून कळत नाही, त्यामुळे तिने वर्गात 'ओळख बघू' असा खेळ लावायचा. पिवळं काय आहे म्हणून विचारणारी पोरंच मग रांग लावतात बघ.

क्राफ्टला फार खर्च नको. कागदी प्लेट दुमडायची, आत मूठभर तुरीची डाळ, कडेला स्टेपल, वर स्केचपेन, झाला खुळखुळा, मेगिलात (पुरिमला वाचतात ती एस्थरची गोष्ट) त्यातल्या खलनायकाचं, हामानचं, नाव आलं की वाजवायला. बुटाच्या तळव्यावर खडूने 'हामान' लिहून पाय आपटायची गंमतही कुठे कुठे करतात, मला तीच जास्त आवडते, पण खालच्या मजल्यावर कोण राहतं ते बघून. डब्याचं झाकण लेकीला रंगवू दे, एका बाजूला हिब्रूत नाव, दुसऱ्या बाजूला आजीच्या हातचं मराठीत, आजी मराठी लिहीत असतील तर त्यांना जरूर बसव, तेवढ्यात अबोलाही सुटेल.

एक काम मात्र आधी कर, शाळेच्या बाईंना विचार घरचं खाणं चालतं का, काही ठिकाणी बंद पॅकेटच मागतात आणि कुणाला सुक्या मेव्याची अ‍ॅलर्जी असते. नाही म्हणाल्या तर शाळेत पॅकेट दे, भांडू नकोस, आणि कान-पोळीचा डबा बिल्डिंगमध्ये वाट, तिथे तर आजी स्वतः दार वाजवतील.