टॅपेट कव्हरमधून तेल गळत असेल तर: पॅकिंग कोणतं घ्यावं अन् सिलिकॉन कुठं लावावं

भाऊ, तुमचं म्हणणं मला समजलं ते असं: 2013 ची स्विफ्ट पेट्रोल आहे, टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या डोक्यावरचं झाकण) कडेनं तेल झिरपून राहिलं, सिग्नलवर थांबलं की जळका वास येतो, अन् मेकॅनिक म्हणतो पॅकिंगच्या (झाकणाखालची रबरी गॅस्केट) भानगडीत पडू नका, लाल सिलिकॉन मारून देतो, परत कधी गळणार नाही. सिलिकॉन नको असेल तर ओरिजिनल पॅकिंग घ्यावं की लोकल चालेल, हे तुमचं विचारणं आहे. सरळ उत्तर देतो, नवीन पॅकिंगच टाका, ते ओरिजिनलच घ्या, अन् सिलिकॉन फक्त दोन-तीन ठिकाणी टिपक्यासारखं. काहून ते खाली लिहितो, जरा लांबेल.

पहिले तर तेल कव्हरमधूनच येऊन राहिलं का ते नक्की करा. तेल खाली ओघळते अन् हवेनं मागं सरकते, त्यात आपल्याकडची धूळ बसली की सगळीकडे काळा किट जमतो आणि माणूस भलत्याच जागी बोट ठेवतो. इंजिन डीग्रीजरनं पुसून काढा, कव्हरच्या कडेला टाल्कम पावडर मारा, रिंग रोडवर एक चक्कर मारून या अन् टॉर्च घेऊन पाहा, पावडर सगळ्यात वर जिथं ओली झाली तिथून गळती आहे. कधी कधी नुसतं ऑइल फिलर कॅपचं रबर गेलेलं असते किंवा कॅम सेन्सरची ओरिंग, आणि लोक फुकटचं अख्खं कव्हर उघडून बसतात. वास येतो म्हणजे तेल गरम मॅनिफोल्डवर (धूर बाहेर नेणारा पाइप) पडून राहिलं, हे मात्र टाळत बसू नका, आग लागायला तेवढं पुरते.

दुसरं, स्पार्क प्लगवरची इग्निशन कॉइल काढून प्लगच्या विहिरीत, म्हणजे प्लग बसतो त्या खोल भोकात, डोकवा. आत तेल साचलेलं दिसलं तर बाहेरच्या पॅकिंगसोबत विहिरीची गोल सीलंही गेली, ती त्याच वेळी बदला. अन् त्या तेलात तसाच प्लग खोलू नका बाप्पा, सगळं सिलिंडरमध्ये जाईल, आधी सिरिंजला नळी लावून ओढून घ्या, मग कापडानं टिपा. कॉइलचं रबर फुगलं असेल तर मिसिंगही (इंजिन अडखळणं) त्याच्यामुळंच होत असेल.

आता ज्याच्याकडं कोणीच पाहत नाही ते, पीसीव्ही व्हॉल्व्ह. पिस्टनच्या बाजूनं थोडा गॅस खाली चेंबरमध्ये (इंजिनच्या तळाचा तेलाचा भाग) उतरतोच, तो परत इनटेकमध्ये ओढून घ्यायचं काम याचं. तो जाम झाला की आत प्रेशर बनते अन् तेल जिथं कमजोर जागा सापडेल तिथून बाहेर येते, मग तुम्ही कितीही भारी पॅकिंग टाका, ते परत गळणार. इंजिन आयडलवर ठेवून व्हॉल्व्ह कव्हरमधून बाहेर काढा, व्हॉल्व्हच्या तोंडावर बोट ठेवा, ओढ जाणवली पाहिजे. इंजिन बंद करून व्हॉल्व्ह हलवला तर आत खुळखुळ वाजला पाहिजे. नाही वाजला तर बदला, फार महाग नसतो. आणि ऑइल कॅप उघडल्यावर भकभक धूर येत असेल तर गोष्ट पिस्टनच्या रिंगांपर्यंत गेली, तिथं पॅकिंग काय करणार.

माल कोणता घ्यावा यावर लोक उगाच भांडतात. अॅम्बेसेडर, जुन्या जीप यांच्या काळात कॉर्कचं पॅकिंग असायचं, ते काही दिवसांनी दबायचं म्हणून बोल्ट परत आवळावे लागायचे, ती सवय जुन्या मिस्त्री लोकांच्या हातात अजून आहे. आता रबर असते. साधं नायट्रिल साधारण 100 ते 120 डिग्रीपर्यंत ठीक, त्यावर ते कडक होत जाते. अॅक्रिलिक रबर 150 च्या आसपास धकते. सिलिकॉन रबर 200 पर्यंत जाते, पण बसवताना ताणलं की फाटते. लोकल पॅकिंगवर कोणतं रबर आहे हे लिहिलेलंच नसते, हीच अडचण आहे. दुकानात हातात घ्या, नखानं दाबा, खूण लगेच भरून आली पाहिजे, अन् कडेला मोल्डिंगची फाटकी झालर असेल तर परत द्या. एमजीपीचं, म्हणजे मारुतीचं ओरिजिनल, मिळालं तर ते, नाहीतर टॅलब्रॉससारख्या नावाच्या कंपनीचं, बिलासकट. वाचलेले दोन-चारशे रुपये दुसऱ्यांदा कव्हर उघडायच्या मजुरीत जातात.

कोणी म्हणेल नागपूरच्या उन्हानं पॅकिंग जळते. 2013 च्या मे महिन्यात आपल्याकडं पारा 47.9 वर गेला होता हे खरं, पण चालू इंजिनच्या हेडला (कव्हर ज्याच्यावर बसते तो वरचा भाग) त्याचं फारसं कौतुक नाही, थर्मोस्टॅट कूलंट 90 च्या आसपासच ठेवतो. पॅकिंगला मारते ती वर्षानुवर्षं तापणं-थंड होणं, अन् वेळेवर न बदललेलं तेल. उन्हाळा आहे म्हणून मॅन्युअल सोडून जाड 20डब्ल्यू50 टाकायचा सल्ला मिळेल, तोही ऐकू नका, गळती चार दिवस कमी दिसेल एवढंच.

जुनं पॅकिंग काढलं की पाहा, चपटं झालेलं असेल, वाकवलं तर पापडासारखं कडकन तुटेल. कव्हरच्या खाचेत अन् हेडवर जुन्या सिलिकॉनचा कण राहता कामा नये. हेड अॅल्युमिनियमचं आहे, स्क्रू ड्रायव्हरनं खरवडू नका, ग्राइंडरचा ब्रश तर अजिबात नको, एक ओरखडा म्हणजे गळतीला नवीन रस्ता. प्लॅस्टिकची पट्टी, ब्रेक क्लीनर अन् धागे न सुटणारं कापड एवढं बस. घासताना कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) भागावर स्वच्छ कापड झाकून ठेवा. कव्हर काचेवर उलटं ठेवून डुलते का पाहा, डुलत असेल किंवा बोल्टच्या भोकाजवळ केसासारखी चीर असेल तर पॅकिंगनं भागणार नाही, कव्हरच बदलावं लागते.

आता त्या लाल सिलिकॉनबद्दल. सिलिकॉन वाईट नाही, टायमिंग कव्हर अन् चेंबरला कंपनीच काही इंजिनांत नुसतं तेच लावते. पण तुमच्या टॅपेट कव्हरला खाच दिली ती रबरासाठी. स्विफ्टला टायमिंग चेन आहे, म्हणून पुढच्या टोकाला टायमिंग कव्हर अन् हेड एकमेकांना भिडतात तिथं बारीक रेघ दिसते, दोन्ही बाजूंना. रबर सपाट जागेवर बसते पण त्या रेघेत अन् पायरीत ते घुसत नाही. तिथं दोन-तीन मिलिमीटरचा थेंब, अन् कॅम कॅप (कॅम धरून ठेवणारा तुकडा) हेडला जिथं काटकोनात मिळते तिथं असा कोपरा असेल तर तिथं. बस, एवढंच. अख्ख्या कडेनं मारलं की कव्हर दाबल्यावर अर्धं आत पिळून निघते, त्याचे तुकडे तेलासोबत चेंबरमध्ये जातात अन् ऑइल पंपाच्या जाळीवर बसतात, मग तेलाचा प्रेशर कमी, लाइट लागली, अन् पाचशेच्या कामाचं इंजिन झालं. रंगानं फसू नका, लाल म्हणजे जास्त गरमी झेलणारं एवढंच, ट्यूबवर ऑइल रेझिस्टंट अन् सेन्सर सेफ लिहिलेलं पाहा, बहुतेक करड्या किंवा काळ्या रंगात मिळते. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं घेऊ नका, ते अॅल्युमिनियमला खाते.

थेंब लावताना जागेवर तेलाचा ओलावा नको, अन् लावल्यावर कव्हर पाच-दहा मिनिटांत बसवा, वरून सरळ, सरकवत नाही. बोल्ट साधारण 6 मिलिमीटरचे, 10 नंबर पान्याचे, त्यांना 8 ते 11 न्यूटन मीटर टॉर्क खूप झाला, नेमका आकडा मॅन्युअलमधला घ्या. मधून सुरू करून तिरप्या क्रमानं बाहेर जा, अन् एका दमात नाही, दोन-तीन फेऱ्यांत. लांब दांड्याच्या पान्यानं "थोडं अजून" केलं की एकतर आटे जातात नाहीतर कव्हर वाकते, अन् गळते म्हणून अजून आवळते, मग अजून गळते. बोल्टखालचे रबरी वॉशर कडक झाले असतील तर नवीन टाका, कव्हरवरचा दाब त्यांच्यावरच अवलंबून आहे. रात्रभर सुकू द्या, शक्यतो पूर्ण 24 तास, अन् मेकॅनिक म्हणाला की आठ दिवसांनी आणा, परत आवळून देतो, तर हात लावू देऊ नका, हे कॉर्क नाही.

विहिरीत तेल निघालं की नाही अन् पीसीव्ही वाजला की नाही एवढं लिहा, त्यावरून पुढचं सांगतो.