वाईट बातमी वर नेणाऱ्याचं काय होतं?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझं लांबलचक पत्र मिळालं. दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. शेवटी तू विचारलं आहेस, "राहू की सोडू?" त्याचं उत्तर आज देत नाही. तुझ्या पत्रात चार-पाच वेगवेगळ्या तक्रारी एकमेकींत गुंतल्या आहेत. आधी त्या सोडवून घेऊ.

मॅनेजरने तुझं काम स्वतःच्या नावावर खपवलं. बेल कर्व्हमध्ये, म्हणजे ठरावीक टक्के लोकांनाच वरचं आणि काहींना खालचं रेटिंग द्यायच्या साच्यात, बसवायचं म्हणून तुझं रेटिंग खाली ओढलं. टाउन हॉलमध्ये, म्हणजे वरिष्ठांच्या सगळ्या कर्मचाऱ्यांबरोबरच्या सभेत, आधी चाळून घेतलेलेच प्रश्न विचारले गेले. एका सकाळी आलेल्या मेलने तुमची टीम मोडली आणि का मोडली ते कुणी सांगितलं नाही. शिवाय सुट्टीच्या दिवशी येणारे फोन. यातली पहिली गोष्ट एका माणसाची आहे, दुसरी एका नियमाची, तिसरी आणि चौथी वरच्यांच्या सवयीची. फोनचा प्रश्न बऱ्याचदा टीमपुरता असतो आणि स्पष्ट बोलून सुटूही शकतो. या सगळ्यांवर उपाय एकच असणार नाही, म्हणून एका कागदावर त्या वेगळ्या मांड आणि प्रत्येकीसमोर लिही, हे बदलणं नेमकं कुणाच्या हातात आहे.

मॅनेजरचं आधी आटपते. गॅलप ही संस्था अनेक वर्षं कर्मचाऱ्यांची पाहणी करते. एका टीमची कामातली गुंतवणूक दुसरीपेक्षा का कमी-जास्त असते, याचा किमान 70 टक्के भाग मॅनेजरशी जोडलेला असतो, असं तिचं म्हणणं आहे. आकडा थोडा इकडेतिकडे धरला तरी अनुभव तोच सांगतो. तुझा त्रास मुख्यतः या एका माणसाचा असेल तर कंपनी सोडण्याआधी टीम बदलून बघ. मोठ्या कंपनीत असण्याचा हा खरा फायदा आहे आणि रागाच्या भरात तरुण मुलं तो वापरायचाच विसरतात.

रेटिंगबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण सहकाऱ्यांविषयी तू जे कडवट लिहिलं आहेस त्याचं मूळ तिथे आहे. माणसांना एका रांगेत उभं करून शेवटच्या काहींना कमी ठरवायचं, ही पद्धत जनरल इलेक्ट्रिकमध्ये जॅक वेल्च यांच्या काळात गाजली: वरचे 20 टक्के, मधले 70, खालचे 10. त्या खालच्या दहांना बहुधा बाहेरचा रस्ता. पुढे बऱ्याच कंपन्यांनी तिचीच रूपं उचलली. मायक्रोसॉफ्टमध्येही अशी सक्तीची क्रमवारी वर्षानुवर्षं होती, ती नोव्हेंबर 2013 मध्ये बंद झाली. तिथल्या लोकांनी तिच्याविषयी जे सांगितलं ते तुझ्या पत्रातल्या वाक्यांशी जुळतं: हुशार माणसं दुसऱ्या हुशार माणसांच्या टीममध्ये जायला नाखूश असत, कारण तिथे कुणीतरी एक शेवटचा ठरणारच. आपल्याजवळची माहिती सहकाऱ्याला द्यायची तर त्याचा क्रमांक आपल्यावर जाण्याची भीती.

तुझ्या शेजारी बसणारा ती फाइल तुला वेळेवर देत नाही, तेव्हा तो स्वभावाने दुष्टच असेल असं धरून चालू नकोस. त्याच्या पगारवाढीचं गणित त्याला तसं वागायला लावत असेल. त्यामुळे त्याचं वागणं बरोबर ठरत नाही. पण राग कुठे वळवायचा ते तरी कळतं. कंपनीची मूल्यं भिंतीवर काय लिहिली आहेत ते सोड. गेल्या दोन वर्षांत बढती कुणाकुणाला मिळाली आणि कशासाठी मिळाली, ते बघ. लोक त्या बढत्या वाचतात आणि तसे वागायला शिकतात.

आता नेतृत्वाकडे येते. "वरचे लोक बहिरे आहेत," असं तू लिहिलं आहेस. काही असतीलही. पण पुष्कळदा त्यांच्यापर्यंत आवाज पोहोचतानाच त्यातली धार गेलेली असते. तू मॅनेजरला सांगतोस, "ही डेडलाइन शक्य नाही." तो त्याच्या वरिष्ठाला सांगतो, "थोडी अडचण आहे." तो पुढे सांगतो, "टीम प्रयत्न करते आहे." सर्वात वरच्या स्लाइडवर हिरवा रंग येतो. मधल्या प्रत्येकाने बातमी थोडीशीच सौम्य केली, उघड खोटं कुणीच बोललं नाही, आणि निर्णय मात्र चुकीच्या माहितीवर झाला.

चॅलेंजर यानाची गोष्ट तुला ठाऊक असेल, पण ती नोकरदाराच्या नजरेने पुन्हा बघ. 27 जानेवारी 1986 च्या संध्याकाळी मॉर्टन थायोकॉल या कंत्राटदार कंपनीच्या इंजिनिअरांनी नासाला फोनवरच्या बैठकीत सांगितलं की एवढ्या थंडीत रॉकेटच्या सांध्यातली रबरी कडी दगा देऊ शकते, उड्डाण करू नका. त्यांच्यातले रॉजर बॉइजोली यांनी तर जुलै 1985 मध्येच धोक्याचा लेखी इशारा दिला होता. नासाकडून नाराजी दिसली, कंपनीच्या व्यवस्थापकांनी आपसात चर्चा केली आणि इंजिनिअरांचा सल्ला बाजूला ठेवून होकार दिला. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर 73 सेकंदांत यान फुटलं आणि सातही अंतराळवीर गेले. 2003 मध्ये कोलंबिया यान कोसळलं, तेव्हाच्या चौकशी मंडळाने स्पष्ट लिहिलं की इंधनटाकीवरून निखळलेल्या फोमच्या तुकड्याइतकीच नासाची संस्थात्मक संस्कृतीही या अपघाताला कारणीभूत होती. सतरा वर्षांच्या अंतराने तीच संस्था आणि तोच आजार. हे वाचताना मला अजूनही अस्वस्थ होतं, कारण माहिती होती, सांगणारेही होते.

म्हणून कोणत्याही कंपनीबद्दल मी एकच गोष्ट आधी विचारते: वाईट बातमी वर नेणाऱ्याचं इथे काय होतं? त्याचे आभार मानले जातात, की पुढच्या मीटिंगचं आमंत्रण त्याला येत नाही? कॅन्टीन, रजा, इमारत, नेत्याची भाषणं हे सगळं या प्रश्नाच्या नंतर.

याच्याशी जोडलेली आणखी एक गोष्ट. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी 1990 च्या दशकात रुग्णालयांतल्या टीम्सचा अभ्यास केला. चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुका कमी असतील अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटेच निघाले, चांगल्या टीममध्ये चुका जास्त. खोलात गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की त्या टीम चुका उघड बोलून दाखवत होत्या, बाकीच्या दडवत होत्या. पुढे 1999 मध्ये त्यांनी टीममधल्या मानसिक सुरक्षिततेची, म्हणजे चूक किंवा शंका न घाबरता बोलता येण्याची, कल्पना मांडली ती यातूनच. तुमच्या वार्षिक सर्व्हेत समाधानाचे आकडे भरघोस आले म्हणून तू चकित झाला आहेस. सात जणांच्या टीममध्ये 'निनावी' सर्व्हे भरताना कोण काय खूण करेल, याचा विचार कर. आणि ज्या टीममध्ये मॅनेजरसमोर उघड वाद होतात तिला लगेच वाईट समजू नकोस. मला तर तीच जास्त निरोगी वाटते.

तुझ्या कंपनीत वाईट बातमीच्या त्या प्रश्नाचं उत्तर काय आहे, ते तुला अजून माहीत नाही. तू ऐकीव गोष्टींवर आणि चॅट ग्रुपवर बोलतो आहेस. तिथे मन मोकळं होतं, त्याला माझी ना नाही. पण रोज रात्री तासभर तिथे बोलून झाल्यावर ज्याच्याशी बोलायला हवं त्याच्यासाठी जोर उरत नाही, एवढं लक्षात ठेव.

तेव्हा मॅनेजरशी एकदा बोलून बघ, पण नीट. पाचही तक्रारी एकदम नेऊ नकोस. एक निवड, छोटी, पुराव्याने दाखवता येईल अशी, आणि जिचा परिणाम कामावर होतो आहे अशी. "तुम्ही माझं श्रेय घेता," असं म्हटलंस तर तो बचावाला उभा राहील. त्याऐवजी म्हण, "गेल्या तिमाहीचा रिपोर्ट मी तयार केला होता, पुढच्या वेळी तो मीच सादर करावा असं मला वाटतं. चालेल का?" विनंती अशी असावी की तिला हो किंवा नाही म्हणावंच लागेल. बोलणं झालं की त्याच दिवशी दोन ओळींचा मेल टाक, "आज ठरलं त्याप्रमाणे..." असा. मग दोन महिने काय होतं ते बघत राहा. नकार आला तरी चालेल. नकारानंतर तुझ्याशी वागणं बदलतं का, ते महत्त्वाचं.

मॅनेजरपाशी दार बंद झालं तर त्याला वगळून थेट त्याच्या वरिष्ठाशी भेट, म्हणजे स्किप-लेव्हल मीटिंग, माग. रेटिंगसारखा प्रश्न सगळ्यांचाच असेल तर दोघा-तिघांनी मिळून मांडा, एकट्याला बाजूला काढणं सोपं असतं. एकत्र बोलण्याने फरक पडतो. 1 नोव्हेंबर 2018 रोजी गूगलचे सुमारे 20,000 कर्मचारी लैंगिक छळाच्या प्रकरणांतल्या कंपनीच्या वागण्याविरोधात कामावरून उठून बाहेर आले. आठवडाभरातच कंपनीने अशा तक्रारींसाठी असलेली सक्तीच्या लवादाची अट, म्हणजे कोर्टात न जाता खासगी मध्यस्थापुढेच वाद सोडवण्याची अट, काढून टाकली. दुसरी बाजूही सांगायला हवी. पुढच्या वर्षी आयोजकांपैकी काहींनी आपल्यावर सूड घेतला जातो आहे असा आरोप करत कंपनी सोडली, कंपनीने तो आरोप नाकारला. पुढे उभं राहणाऱ्याला किंमत मोजावी लागू शकते. ती मोजायची की नाही हे ठरवण्याचा हक्क फक्त तुझा आहे, कुणी शूरपणाची शपथ घालून तो तुझ्याकडून काढून घेऊ नये.

एचआरविषयी थोडक्यात. ते लोक कंपनीसाठी काम करतात, तुझे वकील नाहीत. पण छळ, भेदभाव, थकवलेला पगार अशा बाबतींत कंपनीलाही जबाबदारी असते, तिथे लेखी तक्रार जरूर कर. तारीख, वेळ, शब्द, हजर माणसं. या नोंदी स्वतःच्या वहीत ठेव. कंपनीचे गोपनीय कागद मात्र घरच्या मेलवर पाठवू नकोस, नाहीतर तुझी तक्रार बाजूला राहील आणि तुझीच चौकशी सुरू होईल.

एका बाबतीत वाट बघू नकोस. आकडा फुगवायला, तारीख मागे टाकायला, न झालेल्या तपासणीवर सही करायला सांगितलं तर नाही म्हण. वेल्स फार्गो बँकेत विक्रीच्या अवास्तव टार्गेटपायी ग्राहकांच्या परवानगीशिवाय लाखो खाती उघडली गेली. 2016 मध्ये प्रकरण उघड झालं तेव्हा बँकेने सांगितलं की पाच वर्षांत सुमारे 5,300 जणांना काढलं, आणि त्यातले बहुतेक खालच्या पायऱ्यांवरचे होते. बँकेच्या प्रमुखाला पद सोडावं लागलं ते नंतर, आधी खूप गदारोळ झाल्यावर. टार्गेट वरून येतं, सही तुझी असते.

तब्येतीचंही तसंच. झोप उडाली आहे, रविवारी दुपारपासून छातीत धडधडतं, असं तू ओझरतं लिहिलं आहेस. मला ते पत्रातलं सर्वात गंभीर वाक्य वाटलं. आधी डॉक्टरांना दाखव. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2019 मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाने पार थकून जाण्याची, नोंद कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळल्या गेलेल्या ताणातून येणारी गोष्ट अशीच केली आहे. तो तुझा कमकुवतपणा नाही.

आणि सोडायचं ठरलंच तर अपराधी वाटून घेऊ नकोस. अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी 1970 मध्ये दाखवून दिलं होतं की घसरत चाललेल्या संस्थेतून बऱ्याचदा आधी तीच माणसं बाहेर पडतात ज्यांना दर्जाची सर्वाधिक चाड असते, आणि मग आत बोलणारं कुणी उरत नाही. हे नुकसान खरं आहे. पण ते भरून काढणं पगार देणाऱ्यांचं काम आहे, पंचविशीतल्या एका मुलाचं नाही. हातात ऑफर आणि काही महिन्यांची बचत असू दे. नोकरी सोडताना कंपनी घेते त्या एक्झिट इंटरव्ह्यूत दोन-तीन ठोस गोष्टी सांग आणि थांब. नव्या ठिकाणी मुलाखतीत तुझी वेळ आली की होणाऱ्या मॅनेजरला विचार, "गेल्या वर्षभरात टीममधल्या कुणाच्या म्हणण्यामुळे तुम्ही निर्णय बदललात, असं एखादं उदाहरण सांगाल?" ज्याला ते लगेच आठवतं त्याच्या हाताखाली काम करावंसं वाटेल. जो कोड्यात पडतो, त्याच्याविषयीही तुला पुरेसं कळेल.

मॅनेजरबरोबरची तुझी पुढची वन-ऑन-वन, दोघांचीच भेट, केव्हा आहे ते कळव. त्याआधी त्या एका मुद्द्यावर, एका पानाच्या आत, काय बोलणार ते लिहून पाठव. मी खुणा करून दोन दिवसांत परत पाठवते. आणि डॉक्टरांची वेळ घेतलीस का, तेही त्याच पत्रात लिही.

तुझी,
ताई